डीसेक२ मध्ये जनुकांचे चिन्ह उलटे येणे किंवा परिणामच न दिसणे: वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी जीवशास्त्राचे पाच-सहा विद्यार्थी आर ही संगणकभाषा शिकायला येतात. काही मराठी घरांतले असतात, काही गुजराती, आणि बहुतेकांचा प्रोग्रामिंगशी संबंध आरएनए-सेकचा (कोणते जनुक किती सक्रिय आहे ते मोजणाऱ्या पद्धतीचा) डेटा हातात पडल्यावरच आलेला असतो. दर नव्या तुकडीत एक अडचण ठरल्यासारखी येते. दोन गटांतील जनुकांच्या अभिव्यक्तीची तुलना करणारे आरचे पॅकेज डीसेक२ विनातक्रार चालते, जनुकांची यादी मिळते, पी-व्हॅल्यू (फरक योगायोगाने दिसू शकतो का, याचे माप) देखण्या असतात, पण जे जनुक औषधाने वाढायला हवे ते घटलेले दिसते. याच अडचणीचे दुसरे रूप असे की प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसलेला बदल आकड्यांत मुळी उतरतच नाही आणि यादी जवळजवळ रिकामी निघते. दोन्ही रूपांचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते: नमुन्यांना आपण दिलेली नावे आणि ती नावे ज्या क्रमाने वाचली गेली तो क्रम.

ही चूक पकडणे अवघड जाते, कारण ती आकडेमोडीत कुठेच दिसत नाही. दोन गटांच्या तुलनेत कोणता गट आधार धरायचा हे उलटे झाले, तर लॉग२ फोल्ड चेंजचे (दोन गटांतील अभिव्यक्तीच्या गुणोत्तराच्या २ पायाच्या लॉगचे) फक्त चिन्ह बदलते. पी-व्हॅल्यू तीच राहते, महत्त्वाच्या जनुकांची संख्या तीच राहते, आणि व्होल्केनो प्लॉट (फोल्ड चेंज आणि पी-व्हॅल्यू एकत्र दाखवणारा आलेख) आरशात पाहिल्यासारखा डावीकडचा उजवीकडे होतो, पण त्याचा आकार मात्र जराही बिघडत नाही. लॉग२ फोल्ड चेंज २ असेल तर जनुकाची अभिव्यक्ती चौपट झाली असे आपण वाचतो आणि उणे २ असेल तर ती चौथ्या हिश्श्यावर आली असे वाचतो. त्यामुळे एका चिन्हाने निष्कर्ष पूर्ण फिरतो. पुढे त्याच यादीवर पाथवेचे (एकत्र काम करणाऱ्या जनुकांच्या साखळ्यांचे) विश्लेषण केले, तर दाह वाढला की कमी झाला हेही उलटे लिहिले जाते.

पहिले कारण फॅक्टरच्या लेव्हलमध्ये आहे. फॅक्टर म्हणजे गट सांगणारा स्तंभ आणि लेव्हल म्हणजे त्यातील गटांची नावे. आरमध्ये शब्दांचा स्तंभ फॅक्टरमध्ये बदलताना लेव्हलचा क्रम आपण स्वतः सांगितला नाही, तर आर तो वर्णक्रमाने लावते आणि डीसेक२ पहिल्या लेव्हलला संदर्भ मानते. आपल्या प्रयोगात साधा नमुना कोणता आणि औषध दिलेला कोणता, हे आरला कळण्याचा दुसरा मार्ग नाही. इंग्रजीत ‘कंट्रोल’ आणि ‘ट्रीटेड’ अशी नावे असतील तर सी हे अक्षर टीच्या आधी येते आणि योगायोगाने सर्व ठीक होते. ‘नॉर्मल’ आणि ‘ट्यूमर’ या जोडीतही तोच योगायोग साधतो. पण ‘नॉर्मल’ आणि ‘कॅन्सर’ असे लिहिले की कॅन्सर आधी येतो, आणि निरोगी ऊतीत काय वाढले याची यादी आपण कर्करोगाची यादी म्हणून वाचू लागतो. ‘केस’ आणि ‘कंट्रोल’ ही जोडी सर्वांत फसवी आहे, कारण दोन्ही शब्द सीने सुरू होतात आणि दुसरे अक्षर एकात ए तर दुसऱ्यात ओ असल्याने केस हाच संदर्भ ठरतो. या ठिकाणी डीसेक२ एक सूचना देते की ‘कंट्रोल’ नावाची लेव्हल आहे पण ती संदर्भ नाही. मात्र ही सूचना लाल अक्षरांतील इतर चार ओळींबरोबर येते आणि विद्यार्थी ती पाहत नाहीत. ‘नॉर्मल’ किंवा ‘अनट्रीटेड’ अशा नावांसाठी तर अशी सूचना येतही नाही.

आमच्याकडे एका मुलाने तक्ता मराठीत केला होता आणि गटांना ‘औषध’ व ‘विनाऔषध’ अशी नावे दिली होती. वर्णमाला ज्याने शाळेत पाठ केली आहे त्याला औ हा वच्या आधी येतो हे सांगावे लागत नाही, आणि ते ऐकताच त्याला स्वतःच्या यादीतील गोंधळ चटकन उमगला. तेव्हापासून मी फॅक्टर शिकवताना हेच उदाहरण घेते. प्रत्यक्ष विश्लेषणात मात्र लेव्हलची नावे साध्या रोमन अक्षरांत, अंकांत आणि अंडरस्कोरमध्येच ठेवावीत, कारण हीच नावे पुढे डीसेक२ने काढलेल्या गुणांकांच्या नावांत जोडली जातात.

वर्णक्रमाचा आणखी एक बारकावा असा की तो संगणकाच्या लोकेलवर (भाषा आणि अक्षरक्रम ठरवणाऱ्या सेटिंगवर) अवलंबून असतो. ‘डब्ल्यूटी’ (मूळ प्रकार) हे मोठ्या लिपीत आणि ‘म्यूट’ (उत्परिवर्तित) हे लहान लिपीत लिहिले असेल, तर घरच्या लॅपटॉपवर सामान्य इंग्रजी लोकेलमध्ये एम आधी येतो आणि म्यूट संदर्भ ठरतो. सर्व्हरवर सी लोकेल असेल तर मोठ्या लिपीतील सर्व अक्षरे लहान लिपीच्या आधी धरली जातात आणि डब्ल्यूटी संदर्भ ठरतो. एकच स्क्रिप्ट, एकच डेटा, आणि दोन संगणकांवर उलट चिन्हे, अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी सर्वप्रथम हेच तपासते. औषधाच्या मात्रा शब्द म्हणून साठवल्या असतील तर ०, ५, १० असा क्रम न लागता ०, १०, ५ असा लागतो, हेही याच घरातले दुखणे आहे. आणि मात्रा संख्या म्हणूनच राहू दिल्या, तर डीसेक२ त्यांना गट न मानता मात्रेच्या प्रत्येक एककामागे किती बदल झाला ते काढते, जे बहुधा आपल्याला विचारायचे नसते.

या सगळ्याचा सराव करण्यासाठी एअरवे या नावाच्या पॅकेजइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही. ते बायोकंडक्टर या जीवशास्त्रासाठीच्या आर पॅकेजांच्या संग्रहात मोफत मिळते आणि त्यात माणसाच्या श्वासमार्गातील मृदुस्नायूंच्या चार पेशीवंशांचे आठ नमुने आहेत, प्रत्येक वंशाचा एक डेक्सामेथासोन हे ग्लुकोकॉर्टिकॉइड औषध दिलेला आणि एक न दिलेला. हा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि योगायोगाने डीसेक२ पद्धतीचा शोधनिबंधही त्याच वर्षीचा आहे. या डेटात ‘डेक्स’ या स्तंभात ‘टीआरटी’ आणि ‘अनटीआरटी’ अशा दोन लेव्हल आहेत. टी हा यूच्या आधी येत असल्याने काहीही न करता विश्लेषण चालवले, तर औषध दिलेला गटच संदर्भ होतो. मी विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम हे असेच चालवायला सांगते आणि मग एफकेबीपी५, पीईआर१ आणि टीएससी२२डी३ ही तीन जनुके शोधायला सांगते. तक्त्यात एन्सेम्बल या जनुकांच्या डेटाबेसचे क्रमांक असतात, म्हणून आधी नावे जुळवावी लागतात, आणि तोही सराव होतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड दिल्यावर ही तिन्ही जनुके वाढतात, हे अनेक प्रयोगांतून पक्के झालेले आहे. पडद्यावर मात्र ती उणे चिन्हाने येतात. एकदा ते डोळ्यांनी पाहिले की रीलेव्हल हे फंक्शन का वापरायचे, हे वेगळे समजावावे लागत नाही.

उपाय साधा आहे. डीसेक२ चालवण्यापूर्वी फॅक्टर तयार करतानाच लेव्हलचा क्रम स्वतः लिहावा, किंवा रीलेव्हलने संदर्भ ठरवावा. येथे एक चूक वारंवार होते. मुले डीसेक हे मुख्य फंक्शन आधी चालवतात, चिन्ह उलटे दिसले की मग रीलेव्हल करतात, आणि निकाल देणारे रिझल्ट्स हे फंक्शन पुन्हा चालवल्यावर काहीच बदलले नाही म्हणून पॅकेजला दोष देतात. गुणांक आधीच काढले गेले असल्याने लेव्हल बदलून उपयोग होत नाही, मुख्य फंक्शन पुन्हा चालवावेच लागते. ते न करता केवळ तुलनेची दिशा बदलायची असेल, तर रिझल्ट्समध्ये कॉन्ट्रास्ट द्यावा. त्यात तीन नावे क्रमाने लिहायची असतात: स्तंभाचे नाव, अंश आणि छेद. शाळेतील अपूर्णांकांचे हे दोन शब्द वापरले की कोणाचाच गोंधळ होत नाही, कारण फोल्ड चेंज हा अखेर एक भागाकारच आहे. एपिग्ल्म पद्धतीने फोल्ड चेंज आकसून घ्यायचा असेल, तर मात्र कॉन्ट्रास्ट चालत नाही, तेथे गुणांकाचेच नाव द्यावे लागते. म्हणून संदर्भ लेव्हल सुरुवातीलाच नीट ठेवणे अधिक सोयीचे पडते.

डिझाइनच्या सूत्रात, म्हणजे तुलनेत कोणते स्तंभ धरायचे ते डीसेक२ला सांगणाऱ्या सूत्रात, स्तंभांचा क्रमही पाहावा. रिझल्ट्सला काहीही न सांगता बोलावले, तर ते सूत्रातील शेवटचा स्तंभ घेते आणि त्याच्या शेवटच्या लेव्हलची पहिल्या लेव्हलशी तुलना करते. एअरवेच्या उदाहरणात पेशीवंश आधी आणि डेक्स नंतर असे लिहायला हवे. उलट लिहिले तर औषधाऐवजी दोन पेशीवंशांमधील फरकाची यादी हाती येते.

निकाल पडद्यावर छापला की सर्वांत वरच्या ओळीत कोणाची कोणाशी तुलना झाली आहे ते पूर्ण शब्दांत लिहिलेले असते, म्हणजे डेक्स, टीआरटी विरुद्ध अनटीआरटी, असे. ही ओळ वाचण्याची सवय लागली तर निम्म्या अडचणी तेथेच संपतील. पण निकाल डेटाफ्रेममध्ये बदलून सीएसव्ही फाइलमध्ये साठवला की ही ओळ गळून पडते, आणि आपल्या मार्गदर्शकांकडे, सहकाऱ्यांकडे पोहोचते ती चिन्हांची दिशा न सांगणारी नुसती फाइल. म्हणून मी सांगते की फाइलच्या नावातच तुलना लिहावी, आधी अंश आणि मग छेद. सहा महिन्यांनी तीच फाइल उघडणाऱ्याला, मग ती आपणच का असू ना, ती माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

आता दुसऱ्या कारणाकडे येते, जे मला पहिल्यापेक्षा अधिक काळजीचे वाटते, कारण पहिल्यात निदान उत्तर उलटे का होईना पण तेथे असते. दुसऱ्यात ते नाहीसेच होते.

गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी बारा नमुन्यांचा डेटा घेऊन आली. एका वनस्पतीच्या अर्काचा पेशींवर काय परिणाम होतो, हे तिला पाहायचे होते. क्रमांक १ ते ६ साधे आणि ७ ते १२ अर्क दिलेले, असे तिने नळ्यांच्या झाकणांवर काळ्या मार्करने लिहिले होते आणि त्याच क्रमाने नमुन्यांचा तक्ता केला होता. अर्क दिलेल्या पेशींचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट बदललेला तिने पाहिला होता. पण डीसेक२च्या यादीत जवळजवळ काहीच नव्हते, आणि ‘अर्काचा जनुकांवर परिणाम होत नाही’ असे वाक्य तिने प्रबंधाच्या मसुद्यात लिहूनही टाकले होते.

मी तिला प्रथम पीसीएचा आलेख काढायला सांगितले, ज्यात सारखे नमुने जवळ आणि वेगळे नमुने दूर दिसतात आणि ठिपक्यांना लेबलांप्रमाणे रंग देतात. त्यात दोन पुंजके इतके दूर होते की मध्ये बोट ठेवता यावे, आणि प्रत्येक पुंजक्यात सहा ठिपके होते. पण दोन्ही पुंजक्यांत तीन निळे आणि तीन केशरी, असे रंग मिसळलेले होते. पेशींमध्ये दोन गट होतेच, आपण लावलेली लेबले त्या गटांशी जुळत नव्हती.

मग काउंट मॅट्रिक्सचे, म्हणजे प्रत्येक नमुन्यातील प्रत्येक जनुकाची मोजणी असलेल्या कोष्टकाचे, स्तंभ पाहिले. ही मोजणी करणाऱ्या फीचरकाउंट्स या साधनाला बॅम फाइल (प्रत्येक नमुन्याच्या जुळवलेल्या आरएनए तुकड्यांच्या फाइल) ज्या क्रमाने दिल्या जातात त्याच क्रमाने स्तंभ येतात, आणि तारकाचिन्ह वापरून फोल्डरमधील सर्व फाइल एकदम दिल्या की तो क्रम वर्णानुक्रम असतो. अंकांना अक्षरांसारखे वाचले की क्रम लागतो तो १, १०, ११, १२, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९ असा. तिच्या तक्त्यात तो १ ते १२ असा सरळ होता. आता वहीत दोन ओळी एकाखाली एक लिहून पाहावे. पहिले सहा स्तंभ साधे म्हणून धरले गेले, पण प्रत्यक्षात त्यांत १, २, ३ हे साधे आणि १०, ११, १२ हे अर्क दिलेले होते. उरलेले सहा अर्क दिलेले म्हणून धरले गेले, पण त्यांत ४, ५, ६ साधे आणि ७, ८, ९ अर्क दिलेले होते. दोन्ही गटांत दोन्ही प्रकारचे बरोबर तीन-तीन नमुने आले होते. याहून अधिक काटेकोरपणे परिणाम पुसून टाकता येणार नाही. गटांच्या सरासरीतील फरक शून्याकडे गेला आणि प्रत्येक गटाच्या आत विखुरणे मात्र प्रचंड वाढले.

डीसेक२ने हे होऊ कसे दिले, असा प्रश्न तिने विचारला, आणि तो योग्य होता. खरे म्हणजे पॅकेजने तिला अडवले होते. मॅट्रिक्सच्या स्तंभांची नावे आणि तक्त्याच्या ओळींची नावे तीच असून क्रम वेगळा असेल, तर डीसेक२ त्रुटी दाखवून थांबते. नावेच वेगळी असतील, म्हणजे एकीकडे फाइलचा पूर्ण पत्ता आणि दुसरीकडे नुसता क्रमांक असे असेल, तरीही डीसेक२ची विश्लेषणाची वस्तू (ऑब्जेक्ट) तयार होत नाही. तिला ही दुसरी त्रुटी आली होती. तिच्या प्रयोगशाळेत हातोहात आलेल्या एका स्क्रिप्टमध्ये या त्रुटीवर एका ओळीचा उपाय होता: मॅट्रिक्सच्या स्तंभांची नावे उचलून तक्त्याच्या ओळींना चिकटवणे. त्रुटी गेली, पण त्याबरोबर चूक पकडण्याची शेवटची जागाही गेली. ही एक ओळ मी आजवर अनेकांच्या स्क्रिप्टमध्ये पाहिली आहे, आणि ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये ती असेल त्यांनी कृपया आजच ती काढून टाकावी.

तिच्या जागी काय लिहावे, तेही सांगते. आधी दोन्हीकडील नावे एकाच रूपात आणावीत, म्हणजे स्तंभांच्या नावांतून फाइलचा पत्ता आणि शेवटचे डॉट बॅम काढून टाकावे, आणि तक्त्यात नमुन्याचे नाव हाच ओळींच्या नावांचा स्तंभ करावा. मग तक्त्यातील ओळींच्या नावांनीच मॅट्रिक्सचे स्तंभ निवडावेत, म्हणजे मॅट्रिक्स आपोआप तक्त्याच्या क्रमात येते, आणि एखादे नाव नसेल तर तेथेच त्रुटी येते. शेवटी आयडेंटिकल या फंक्शनने दोन्ही नावांची यादी तंतोतंत एक आहे का ते विचारावे, आणि उत्तर नाही आले तर स्क्रिप्ट पुढे जाणारच नाही असे स्टॉपइफनॉटमध्ये बांधून टाकावे. या तीन ओळी प्रत्येक विश्लेषणाच्या सुरुवातीला कायम असाव्यात, मग नमुने सहा असोत वा सहाशे.

याचा सराव पॅसिला या पॅकेजवर करता येतो. त्यात फळमाशीच्या पेशींचे सात नमुने आहेत, चार साधे आणि तीन असे ज्यांत पॅसिला हे जनुक आरएनए हस्तक्षेपाने दाबले आहे. यातील मॅट्रिक्समध्ये साधे नमुने आधी येतात, तर नमुन्यांच्या तक्त्यात दाबलेले आधी येतात, आणि तक्त्यातील नावांच्या शेवटी एफबी ही दोन अक्षरे जास्त असतात. म्हणजे दोन्ही दोष शिकण्यासाठी तयार मांडून ठेवले आहेत. येथे तपासणीचे जनुकही हाताशीच आहे: जे जनुक प्रयोगात दाबले तेच दाबलेल्या गटात घटलेले दिसले पाहिजे, नाहीतर काहीतरी चुकले आहे. डीसेक२च्या सोबतच्या विन्येटमध्ये (पॅकेजबरोबर येणाऱ्या मार्गदर्शिकेत) हेच उदाहरण पायरीपायरीने सोडवलेले आहे, आणि ब्राउझविन्येट्स या फंक्शनने ती इंटरनेटशिवायही उघडते. विन्येट टाळून थेट कुठूनतरी स्क्रिप्ट उचलण्याची घाई मुलांना असते, पण त्या चाळीस-पन्नास पानांत पुढे लागणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे असतात.

आपल्या स्वतःच्या डेटात औषधाने काय वाढते हे आधी माहीत नसेल, तरी माणसाच्या ऊतींचे नमुने असतील तर एक तपासणी नेहमी करता येते. एक्सआयएसटी हे जनुक स्त्रियांच्या नमुन्यांत भरपूर अभिव्यक्त होते, आणि आरपीएस४वाय१ किंवा डीडीएक्स३वाय यांसारखी वाय गुणसूत्रावरील जनुके पुरुषांच्या नमुन्यांत. या जनुकांचे काउंट नमुन्यांच्या तक्त्यातील लिंगाच्या स्तंभाशेजारी छापून पाहावेत. एखादा नमुना विसंगत दिसला, तर क्रम फिरला आहे किंवा नळ्या बदलल्या आहेत असे समजून तेथेच थांबावे. कर्करोगाच्या ऊतींत आणि जुन्या पेशीवंशांत मात्र ही गुणसूत्रे कधीकधी हरवलेली असतात, म्हणून तेथे या तपासणीवर एकट्याने विसंबू नये.

ज्यांना आत्ता ही अडचण आली आहे त्यांनी आधी पीसीए काढावा. पुंजके आहेत पण रंग मिसळले आहेत, तर नमुन्यांचा क्रम तपासावा. पुंजके आणि रंग जुळत आहेत पण माहीत असलेले जनुक उलटे आहे, तर लेव्हल तपासाव्यात. पुंजकेच नसतील, तर कारण या लेखाच्या बाहेरचे आहे, आणि कदाचित खरोखरच परिणाम नसेल. अशीच तुलना करणारे एज-आर हे पॅकेज वापरणाऱ्यांनाही पहिली लेव्हल आणि स्तंभांचा क्रम या दोन्ही गोष्टी अशाच पाहाव्या लागतात. लिमा या तशाच दुसऱ्या पॅकेजमध्ये मेककॉन्ट्रास्ट्स या फंक्शनने तुलना वजाबाकीच्या रूपात स्वतः लिहायची सवय असते, त्यामुळे तेथे दिशेची चूक कमी होते, आणि याच कारणासाठी नवशिक्यांना मी कधीकधी आधी लिमा शिकवते.

त्या विद्यार्थिनीने स्तंभ तक्त्याच्या क्रमात आणून पीसीए पुन्हा काढला, तेव्हा एका पुंजक्यात सहा निळे आणि दुसऱ्यात सहा केशरी ठिपके आले. यादी भरली, आणि मसुद्यातील ते वाक्य तिने तिथेच बसून खोडले. पुढच्या प्रयोगाच्या नळ्या तिने शनिवारी दाखवायला आणल्या होत्या, त्यांच्या झाकणांवर आता ०१, ०२, ०३ असे लिहिलेले होते.